हिरवी सोयका

ओताकार व्रबा धुराडी झाडायचा. काळा कोट, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर दोराचं वेटोळं आणि दोराच्या टोकाला लोखंडी गोळा. चेक देशात विसोचिनाच्या डोंगराळ भागातल्या कितीतरी गावांची धुराडी त्याच्याकडे होती. तिकडे धुराडेवाला समोरून येणं हा मोठा शकुन. तो दिसला की बायामाणसं पटकन आपल्या कोटाचं बटण धरतात आणि मनातल्या मनात काहीतरी मागून घेतात. ओताला याची इतकी सवय झाली होती, की आपल्या हातून लोकांचं भलंच होतं अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. अशी समजूत फुकटात मिळते, म्हणून माणूस ती सहसा टाकून देत नाही.

धुराडं झाडायचं तर नुसतं छपरावर चढून भागत नाही. माळ्यावर जावं लागतं, तळघरात उतरावं लागतं, कधी लाकडांच्या खोपटातून वाट काढावी लागते. त्यामुळे कोणाच्या घरात काय पडलंय हे पाद्र्यापेक्षा ओताला जास्त ठाऊक असायचं. दुसऱ्या कोणी याचं भांडवल गावगप्पांसाठी केलं असतं. ओताने ते जुन्या मोटरसायकलींसाठी केलं.

त्याला वेड होतं महायुद्धाआधीच्या गाड्यांचं, आणि त्यातही कोणाचा हात न लागलेल्या गाड्यांचं. जिल्ह्याच्या गावी अशा वेड्यांचं एक मंडळ होतं. त्याचा जिगरी दोस्त लुबोश हा दातांचा डॉक्टर, तोही त्यातलाच. घासूनपुसून, नवा रंग देऊन चकाचक केलेली गाडी या मंडळींपुढे आणली तर ते "छान आहे" म्हणायचे आणि बिअरकडे वळायचे. पण जिच्या टाकीवर कारखान्यातला पहिला रंग अजून टिकून आहे, मालकाच्या गुडघ्यांनी जिथे घासला तिथे तो विरळ झालाय, सीटच्या चामड्याला भेगा आहेत, अशी एखादी गाडी आली, की ही पोट सुटलेली, टक्कल पडलेली माणसं मुकाट्याने तिच्यापुढे गुडघे टेकायची. टाकीचं झाकण उघडून वास घ्यायची. आवाज आपोआप खाली यायचे. "नवा रंग कोणीही देईल," लुबोश म्हणायचा, "जुना रंग द्यायला आख्खा जन्म लागतो, आणि तो आपला नसतो." बायकोची साठी विसरणारी ही माणसं गाडीवरच्या एका ओरखड्याची जन्मकथा सांगू शकत.

येद्लोव गावाच्या टोकाला हेदविका बार्तोशोवा एकटी राहायची. ऐंशीच्या घरातली, नवरा कधीच वारलेला, मूलबाळ झालंच नाही. कम्युनिस्टांचं राज्य गेल्यावर दोनएक वर्षांनी ओता तिचं धुराडं झाडायला पहिल्यांदा गेला आणि काजळी टाकायला बादली हवी म्हणून लाकडांच्या खोपटात शिरला. तिथे जुन्या पोत्यांखाली ती उभी होती. सोयका. प्रागमधल्या एका छोट्या कारखान्याने युद्धाआधी मोजक्याच बनवलेल्या गाड्यांपैकी एक. सोयका हे रानातल्या एका पक्ष्याचं नाव. त्याच्या पंखावर एक निळं पीस असतं. टाकीचा गडद तांबडा रंग बारीक तडकला होता, पण त्यावरचा पक्षी शाबूत होता, निळ्या पिसासकट. सीटवर कोंबड्यांनी आपली हजेरी लावली होती. ओता तिथे बादली हातात धरून किती वेळ उभा होता कोण जाणे. शेवटी म्हातारीने बाहेरून हाक मारली, की बादली घडवायला बसलास की काय.

आता अशी गाडी मिळवायची या लोकांची एक रीत आहे. गाडी कधी मागायची नाही. तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मागितली की मालकाला वाटतं हिच्यात काहीतरी आहे. मग तो चार लोकांना विचारतो, चारातला एक पैसेवाला निघतो, आणि गाडी जाते परदेशात. म्हणून आधी ओळख वाढवायची. लाकडं फोडून द्यायची, औषधं आणून द्यायची, म्हातारपणाच्या कहाण्या ऐकायच्या. एक दिवस मालकच म्हणतो, घेऊन जा रे ती अडगळ. याला मंडळात 'मुरू देणं' म्हणत. आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात, पण आवळा देणाऱ्याला तो नेहमी कोहळ्याएवढाच वाटत असतो. दुसराही एक नियम होता: ज्याने आधी पाहिली, त्याची. बाकीच्यांनी त्या दाराला जायचं नाही. ओताने फक्त लुबोशला सांगितलं आणि मूग गिळून बसला.

तो मंगळवारी जाऊ लागला. धुराड्याचं काम वर्षातून एकदाच, पण मंगळवारी त्याची गाडी येद्लोववरूनच जायची, असं तो सांगायचा. ते खोटं होतं. तो लाकडं फोडायचा, पंप दुरुस्त करायचा, बर्फ पडला की वाट मोकळी करायचा. हेदविका त्याच्यापुढे गाळ खाली बसलेली काळी कॉफी आणि खसखशीचे कोलाच, म्हणजे गोल गोड पाव, ठेवायची. पहिल्या वर्षी ती त्याला "धुराडेवाले" म्हणायची. पुढे "ओता". पुढे पुढे नुसतं "काळ्या". तोही "बाई"वरून "मावशी"वर आला.

म्हातारी तोंडाने तिखट होती. ओताची बायको ब्लांका एकदा बरोबर आली तेव्हा तिला म्हणाली, "नवऱ्याला घरी जेवायला घालत नाहीस का गं? माझ्याकडे येऊन दुष्काळातून आल्यासारखा खातो." नवऱ्याच्या, ओल्द्रिखच्या, गोष्टी सांगताना मात्र तिचा सूर बदलायचा. जर्मनांनी गावातल्या सगळ्या मोटरसायकली ओढून नेल्या तेव्हा ओल्द्रिखने ही एक गवताच्या गंजीत पुरून ठेवली होती. "लग्नाआधी त्याने मला तिच्यावर बसवलं," ती म्हणायची, "आणि लग्न झाल्यावर दर शनिवारी तिला पुसायला बसवलं. धुळीचा कण खपायचा नाही त्याला."

हे ऐकताना ओता चमच्याने कॉफी ढवळत राहायचा. खोपटाच्या दिशेने मान वळू नये म्हणून तो मुद्दाम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचा. एकदा म्हातारीने स्वतःच विषय काढला. त्या गाडीचं काय करावं, ओल्द्रिखच्या मागे तिला कोणी हात लावला नाही, तुझ्या काही उपयोगाची आहे का? ओताच्या जिभेवर 'हो' आलं होतं. पण नियम म्हणजे नियम. पहिल्याच शब्दाला उडी मारली तर म्हातारी सावध होईल, असं त्याला वाटलं. तो म्हणाला, "ते भंगार होय? घाणीने भरलंय नुसतं. पडू दे तिथेच, जागा थोडीच खातंय." म्हातारी "बरं" म्हणाली. घरी येताना ओताने स्वतःची पाठ थोपटली. आपण किती थंड डोक्याने वागलो हे त्याने लुबोशला फोन करून सांगितलं.

ब्लांका साधी बाई होती, पण डोळे उघडे ठेवून जगणारी. कधी ती विचारायची, "आज मंगळवार. मावशीकडे चाललास की मोटरसायकलकडे?" ओता हसून म्हणायचा, दोन्हीकडे. आणि गंमत अशी, की ते खोटं नव्हतं. त्याला त्या स्वयंपाकघराची सवय झाली होती. स्वतःच्या आईपाशी त्याला कधी इतका वेळ गप्प बसता आलं नव्हतं. पण यातलं किती प्रेम आणि किती डाव, हे त्याने कधी निवडून पाहिलं नाही. निवडायची गरजच पडली नव्हती.

तिकडे कॅलेंडरातला प्रत्येक दिवस कुठल्या ना कुठल्या नावाचा असतो, आणि त्या नावाच्या माणसाला त्या दिवशी भेट देतात. ओताकारचा दिवस उन्हाळ्याच्या शेवटी येतो. भंगाराचं ते बोलणं झाल्यावरच्या उन्हाळाभर हेदविका त्याला मंगळवारी अंगणातूनच वाटेला लावत होती; कधी म्हणे पाहुणे यायचेत, कधी म्हणे डोकं दुखतंय. नामदिनाच्या आधी तिने फोन केला. "संध्याकाळी ये. तुझा तो दात उपटणारा दोस्त आहे ना, त्यालाही आण. तुम्ही दोघं गाड्यांवर हिंडता ना? मग आणच."

ओताला कळलं. लुबोशलाही कळलं. इतक्या वर्षांनी मुरलं होतं. लुबोशने आपली मोठी गाडी काढली, मागे ट्रेलर जोडला, ट्रेलरमध्ये दोर आणि मऊ ब्लँकेटं टाकली. म्हातारीला ट्रेलर दिसू नये म्हणून त्यांनी तो चर्चच्या मागे उभा केला आणि दोघे चालत गेले. ओताने हातात फुलं घेतली होती. नामदिन त्याचा होता, फुलं तिला कशाला, हे त्याने मनात ठरवलं नव्हतं. रिकाम्या हाताने जाणं बरं दिसेना एवढंच.

सफरचंदाच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. इस्त्रीची चादर, तीन कप, कोलाचांनी भरलेलं ताट. हेदविकाने निळा, लग्नकार्याला घालायचा पोशाख घातला होता. ती हात पाठीमागे धरून उभी होती. झाडाच्या पलीकडे बिछान्याच्या पांढऱ्या पलंगपोसाखाली काहीतरी उभं होतं, आणि काय ते सांगायला कोणाची गरज नव्हती.

"मिटा डोळे," ती म्हणाली. "दोघंही. दात उपटणाऱ्यानेसुद्धा."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा पलंगपोस गवतावर पडला होता आणि सोयका हिरवी होती. बाहेरच्या फाटकाला दिलेला तोच हिरवा रंग. टाकी हिरवी, मडगार्ड हिरवी, सीटच्या भेगाळलेल्या चामड्यावरही एक हात फिरवलेला. सायलेन्सरला आणि चाकांच्या तारांना शेगडीच्या नळकांड्याला देतात तो रुपेरी रंग. हँडलला लाल फीत बांधली होती. संध्याकाळच्या उन्हात ती गाडी जत्रेतल्या खेळण्यासारखी चमकत होती.

ओताने विचारलं, हे कोणी केलं.

"मी. दुसरं कोण करणार?" म्हातारी हरखून सांगू लागली. ओता म्हणाला होता ना, घाणीने भरलंय म्हणून? मग घाण असलेली वस्तू नामदिनाला द्यायची तरी कशी, ओल्द्रिखला ते मुळीच आवडलं नसतं. सगळा उन्हाळा ती त्याच्यामागे लागली होती. आधी तारेचा ब्रश, मग भांडी घासायची पावडर, मग रंग. नवा रंग नीट धरावा म्हणून जुना पार खरवडून काढला. "तो पक्षी मात्र हट्टी निघाला," ती हसत म्हणाली. "पावडरीने जाईना, घासणीने जाईना. शेवटी सुरी घेतली त्याला."

लुबोशच्या तोंडून दुखऱ्या दातावर बोट ठेवल्यासारखा आवाज निघाला. आणि मग ओता बोलला. आवाज चढवला नाही, ते आणखी वाईट.

"अक्कल गहाण टाकली होती का, मावशी? इतकी वर्षं मी इथे काय तुमचे कोलाच खायला येत होतो?"

तोंडातून गेलेला शब्द परत येत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ओताला ते त्या क्षणी कळलं, पण त्याची नजर अजून टाकीवरच होती, पक्षी असायचा त्या जागेवर. म्हातारीचं हसू तोंडावर राहिलं, फक्त त्याच्या मागचं माणूस निघून गेलं. लुबोश आपल्या बुटांकडे बघू लागला. पलीकडच्या अंगणात कोणाचं तरी बदक ओरडत होतं.

"कॉफी निवतेय," हेदविका म्हणाली. "बसा."

आणि ते बसले. तेव्हाच उठून तिचे पाय धरायला हवे होते, किंवा निदान तोंड काळं करून निघून तरी जायला हवं होतं. पण ते दोघे बसले, कॉफी प्याले, एकेक कोलाच खाल्ला. म्हातारीने लुबोशला विचारलं की तिच्या कवळीचं काय करावं, ती सैल झालीय. लुबोशने सविस्तर उत्तर दिलं. मग लुबोश चर्चमागून ट्रेलर घेऊन आला. मऊ ब्लँकेटं आणि दोर म्हातारीने पाहिले, आणि ते घरून निघतानाच घेतलेले होते हे तिला न कळायला ती काही खुळी नव्हती. गाडी चढवताना तिने फाटक धरून ठेवलं. ओता खाली बघत "आभारी आहे" म्हणाला. ती म्हणाली, "जपून जा." रस्त्याने लुबोश एवढंच बोलला, की इंजिनाला तरी कोणी हात लावलेला नाही.

पुढच्या मंगळवारी ओता गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आज काम आहे, आज पाऊस आहे, अशी कारणं तो ब्लांकाला सांगायचा. तिला खरं काय घडलं ते त्याने सांगितलं नव्हतं. म्हातारीने गाडी नामदिनाला दिली, फक्त तिला रंग फासून ठेवलाय, एवढंच तिच्या कानावर होतं. मंडळात मात्र त्याने सांगितलं. बिअरच्या गुत्त्यावर सगळे जमले असताना त्यानेच हिरव्या सोयकाची गोष्ट सुरू केली. शेगडीचा रुपेरी रंग, हँडलची लाल फीत, आणि "शेवटी सुरी घेतली त्याला" हे वाक्य तर म्हातारीच्या आवाजात. लोक टेबलावर हात आपटून हसले. दुसऱ्या आठवड्यात त्याला ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. त्याचं स्वतःचं वाक्य त्याने दोन्ही वेळा गाळलं. लुबोश तिथेच बसला होता. तो हसला नाही, पण गाळलेलं वाक्य त्याने भरूनही काढलं नाही.

गाडीवरचा हिरवा रंग काढायला ओता गॅरेजमध्ये बसला. रंग काढायचं औषध जहाल असतं. हातमोज्यांतूनही त्याच्या बोटांची सालं निघाली, नखांच्या कडेला हिरवा रंग शिरला तो साबणाने निघेना. एका संध्याकाळी हात धुताना त्याला एकदम आठवलं. नामदिनाच्या संध्याकाळी कॉफी ओतताना म्हातारीचे हात पाठीमागून पुढे आले होते. अंगठ्याला चिंधी गुंडाळली होती. बोटं सोललेली, नखं हिरवी. त्याने ते पाहिलं होतं. डोळ्यांनी पाहिलं होतं आणि टाकीकडे परत वळला होता. तो नळ सुरू ठेवून तसाच उभा राहिला, आणि ब्लांकाने पाणी का वाया घालवतोस म्हणून विचारलं तेव्हा कुठे त्याने तो बंद केला.

तरी त्याने काम सोडलं नाही. माणूस लाजला म्हणून सुधारतोच असं नाही. कधी कधी तो लाज झाकायला आणखी एक चादर शोधतो. हिरव्याबरोबर उरलासुरला तांबडाही निघून गेला. मग त्याने जुन्या पद्धतीचा तांबडा रंग बनवून घेतला, एका कारागिराकडून पक्ष्याचं चित्र काढून घेतलं, आणि नव्या रंगाला म्हातारपण आणायला बसला. त्यासाठी त्याच्याकडे जे होतं ते कोणाकडे नव्हतं. जुन्या घरांच्या धुराड्यांतली काजळी तेलात कालवून त्याने ती टाकीवर चोळली, गुडघ्यांच्या जागी रंग विरळ केला, निळ्या पिसाचं टोक खरवडलं. हात त्याचा चांगला होता. शरद ऋतूतल्या शेवटच्या मेळाव्याला गाडी नेली तेव्हा पिल्झेनकडून आलेला एक अनोळखी माणूस तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला, टाकीला नुसतं बोटाचं टोक लावलं आणि हळूच म्हणाला, "हात लागला नाही हो हिला कोणाचा." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ओताने "नाही" म्हटलं नाही आणि "होय"ही म्हटलं नाही. मान हलवली. मंडळातल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं आणि तेही गप्प राहिले, कारण काम खरोखरच सुरेख झालं होतं.

त्याच सुमाराला पितरांचा दिवस आला. त्या दिवशी सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला जातात. ब्लांकाचं माहेर येद्लोवच्या शेजारचं, त्यामुळे ती तिथल्या कब्रस्तानात गेली होती. परत आली ती कोट न काढताच ओतासमोर बसली.

"मावशी भेटल्या. ओल्द्रिखच्या कबरीवर होत्या. गुडघ्यांमुळे बसता येत नव्हतं, मी मेणबत्त्या लावून दिल्या."

ओता आपली नखं खरवडू लागला.

"तिथल्या सगळ्या बायकांना सांगत होत्या. म्हणे ओताला गाडी दाखवली तर त्याच्या तोंडून शब्द फुटेना, पोर रडायचंच बाकी होतं. म्हणे सगळ्या उन्हाळ्याचं सार्थक झालं." ब्लांकाने डोक्यावरचा रुमाल सोडला. "मला हे कधी बोलला नाहीस. आणि मग त्यांच्याकडे जायचा का थांबलास? बायकांनी विचारलं तर म्हणाल्या, त्याला कामं फार."

ओताने चारचौघांत म्हातारीला हसण्यावारी नेलं होतं, आणि तिने चारचौघांत त्याची लाज राखली होती. असं कानशिलात बसल्यावर माणसाला आवाजही येत नाही. त्याने ब्लांकाला सगळं सांगितलं, गाळलेल्या वाक्यासकट. गुत्त्यावरची गोष्टही सांगितली. ब्लांका ऐकून घेऊन उठली, कोट खुंटीला लावला आणि म्हणाली, "त्यांचं धुराडं झालंय का या वर्षी?"

झालं नव्हतं. थंडी सुरू होऊन कितीतरी दिवस झाले होते, म्हातारी न झाडलेल्या धुराड्याखाली शेगडी पेटवत होती, आणि तिने दुसऱ्या कोणाला बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. मंगळवार नव्हता. सोयका त्याने नेली नाही; ती काजळी फासलेली गाडी तिच्या दारात उभी करण्याइतका निगरगट्ट तो झाला नव्हता. हेदविकाने दार उघडलं. ती आणखी वाळली होती. हात बरे झाले होते. "धुराडं का?" तिने विचारलं आणि बाजूला झाली.

तो माळ्यावर गेला, छपरावर गेला, गोळा सोडला, काजळी काढली. धुराडं भयंकर तुंबलं होतं. एखाद्या वाऱ्याच्या दिवशी धूर घरात उलटला असता तर म्हातारी झोपेतच गेली असती, आणि मग बायकांनी कब्रस्तानात काय सांगितलं असतं ते त्याला वरच कळलं. खाली येऊन त्याने बादली रिकामी केली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभा राहिला. टेबलावर कप नव्हता. तिने त्याला बस म्हटलं नाही.

त्याने माफी मागायला सुरुवात केली, पण ती भलतीकडूनच सुरू झाली. गाडी किती दुर्मिळ होती, जुना रंग म्हणजे काय, लोक त्याच्यापायी कसे वेडे होतात, असं तो सांगत सुटला. म्हातारी भिंतीला टेकून ऐकत होती. मग तिने त्याला थांबवलं.

"म्हणजे ती घाणच हवी होती तुला."

"हो."

"मी तुला विचारलं होतं. इथेच. तू भंगार म्हणालास." ती रागावली नव्हती. एखादा हिशेब जुळत नसावा तशी तिच्या कपाळाला आठी होती. "सांगायचं होतंस की, मावशी, मला ती हवी, तशीच्या तशी हवी. त्याच दिवशी नेली असतीस. मग का नाही बोललास?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. ओता टोपी हातात चुरगळत म्हणाला, "तुम्हाला तिची किंमत कळली असती, तर तुम्ही ती दुसऱ्या कोणाला दिली असती असं वाटलं."

हेदविका त्याच्याकडे बघत राहिली.

"दुसरं कोण येत होतं रे माझ्याकडे?"

शेगडीत लाकूड तडतडलं. धुराडं मोकळं झाल्यामुळे आग आता घुंघुं आवाज करत वर ओढली जात होती. ओताने विचारलं, मंगळवारी येऊ का.

"कशाला? धुराडं तर आज झालं."

"काही नाही. नुसता येईन."

तिने हो म्हटलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. वाकून शेगडीत लाकूड सारलं, पाणी तापत ठेवलं आणि कपांच्या फडताळाकडे वळली. दार तिने लावलं नव्हतं. ओता उंबऱ्यावर काळ्या हातांनी टोपी धरून उभा होता, आणि आत जायला त्याचा पाय उचलत नव्हता.